पाणी मागणारी प्रीती

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

भगिनींनो, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या बंधूंनो,

पाळकसाहेबांनी मला विषय दिलाय, देवाची धाडसी प्रीती आपल्या रोजच्या वागण्यातून कशी दिसावी. धाडस म्हटलं की मोठी माणसं आठवतात. 1820 साली लंडन मिशनचे मिशनरी जोसेफ टेलर बेळगावात आले. पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलीबाळींना घेऊन आल्या. रमाबाईंचा जन्म आपल्याच कर्नाटकातला, गंगामूळच्या रानातला, हे सहसा कुणी सांगत नाही म्हणून सांगते. त्यांच्या धाडसापुढे मी हात जोडते. पण आज मला बोलायचंय ते मागण्याविषयी. दुसऱ्याच्या दारात उभं राहून ‘मला तुमची गरज आहे’ म्हणायचं, एवढंच. मला स्वतःला ते देण्याहून फार जड गेलं.

योहानाचा चौथा अध्याय तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. भर दुपारी प्रभू येशू सूखार गावाच्या विहिरीपाशी दमून बसलाय. शिष्य गावात अन्न विकत घ्यायला गेलेत. शोमरोनी बाई पाण्याला येते आणि तो म्हणतो, ‘मला प्यायला पाणी दे.’ ती चकित होते, कारण यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. आपण संडे स्कूलमध्ये ही गोष्ट शिकवतो तेव्हा घाईघाईने पुढे तो तिला देऊ करतो त्या जिवंत पाण्यावर जातो. मीसुद्धा तीस वर्षं तशीच शिकवली. पण पुढे ती काय म्हणते बघा: तुमच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे. म्हणजे पाणी तिच्याच भांड्यातून प्यायचं होतं. ज्या भांड्याला त्याच्या लोकांनी हात लावला नसता, त्या भांड्याला तो ओठ लावायला तयार होता.

आपल्या गावांत कुणाच्या घरचं पाणी चालतं आणि कुणाच्या घरचं चालत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या आज्या ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायल्या आहेत. म्हणून हे वचन आपल्याला जसं कळेल तसं फार थोड्यांना कळेल. आणि तो पाणी मागून निघून गेला नाही. गावकऱ्यांनी आग्रह केला तेव्हा तो तिथे दोन दिवस राहिला. दोन दिवस राहिला म्हणजे त्यांच्याच घरी जेवला, त्यांच्याच अंथरुणावर निजला.

आता याच्या उलटं उदाहरण. गलतीकरांस पत्रात पौल सांगतो की अंत्युखियात प्रभूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. पण याकोबाकडची यहूदी माणसं आली आणि तो हळूच बाजूला सरकला. परराष्ट्रीयांशी त्याचं भांडण झालेलं नव्हतं. तो फक्त आपल्या लोकांना भ्यायला. हे वाचलं की मला आपला नोव्हेंबर आठवतो. 1 तारखेला एका गल्लीत कन्नड लोकांचा राज्योत्सव, दुसऱ्या गल्लीत आपल्या मराठी लोकांचा काळा दिवस. मराठी माझी भाषा आहे, माझी प्रार्थना मराठीतच होते, आणि आपल्या भाषेचा हक्क मागण्यात गैर आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या आठवड्यात शेजारणीला हाक मारताना आपण आधी इकडेतिकडे कोण बघतंय ते बघतो की नाही? तिथे पेत्र सरकतो. ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ असं योहान लिहितो, आणि ती भीती पुष्कळदा परक्यांची नसते, आपल्याच माणसांची असते.

ऑगस्ट 2019 चा महापूर विसरला नसाल. पाणी ओसरल्यावर आमचा तरुण संघ निपाणीकडच्या वेदगंगेकाठच्या एका गावात चादरी आणि धान्य घेऊन गेला. मीही गेले होते. एका घराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती. चूल विरघळून गेली होती. घरातल्या म्हाताऱ्या काकांनी अंगणात तीन विटा मांडून, ओलं जळण फुंकून फुंकून कोरा चहा केला आणि पेला पुढे केला, ‘घ्या की.’ मी म्हटलं, ‘नको काका, तुम्हालाच राहू द्या.’ मुलांनीही नको म्हटलं. पुढची घरं करायची होती. काकांनी पेला विटेवर ठेवला आणि चादर घेतली. ती घेताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा मला वाटलं, किती समजूतदारपणे वागलो आपण. आम्ही त्यांचा सगळा मान त्या एका ‘नको’त काढून घेतला होता, हे कळायला मला आणखी तीन वर्षं लागली.

तीन वर्षांनी पावसाळ्यात मी परसात शेवाळावरून घसरले. हे मिरजेला गेले होते, मुलगा पुण्याला. पाय हलेना. भिंतीपलीकडे कन्नड बोलणारं घर. आमच्या पन्हळीचं पाणी त्यांच्या बाजूला पडतं म्हणून त्या बाईंशी चार वर्षं बोलणं बंद होतं. मी चिखलात बराच वेळ तशीच पडून राहिले. ओरडायला येत होतं, पण हाक काही निघत नव्हती. जन्मभर शिकवलं, वाटलं, प्रार्थनेला धावून गेले, आणि शेजारणीला हाक मारताना जीभ उचलेना. शेवटी म्हटलं, ‘अक्का, स्वल्प बर्री.’ ताई, जरा या.

त्या परसदारानं धावत आल्या. रिक्षा बोलावली, दवाखान्यात माझ्याबरोबर बसल्या, दोन रात्री माझ्या खोलीत चटई टाकून झोपल्या. सकाळी डब्यातून ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी आली. डब्याच्या झाकणावर, भांड्याच्या दुकानात कोरून देतात तसं, टिंबाटिंबांचं कन्नड नाव होतं. पडल्या पडल्या मी एकेक अक्षर लावत ते वाचलं. चार वर्षं आमच्या घरात त्यांना ‘पलीकडची’ म्हणत होते. त्यांचं नाव मला त्या झाकणावरून कळलं. इथे ते घेत नाही, त्यांना आवडायचं नाही.

पौल म्हणतो, एकमेकांवर प्रीती करणे याशिवाय कोणाच्या ऋणात राहू नका. मी या वचनाचा पहिला अर्धा भाग कायम गाळत आले. कुणाचं काही ठेवायचं नाही, डबा आला तर दुसऱ्या दिवशी भरून परत, झालं, फिटलं. प्रीतीचं ऋण मात्र ठेवायलाच सांगितलंय. म्हणून तुमच्याजवळ माझी विनंती आहे. या आठवड्यात कुणाला काही देऊ नका, असं म्हणत नाही, द्या. पण एकदा तरी जिच्याकडे आपण कधी काही मागितलं नाही तिच्याकडे काही मागा. विरजण मागा, कन्नडातला अर्ज वाचून मागा. वखारीत शेजारी बसणारीला विचारा, बाई, माझ्यासाठी तुझ्या देवाजवळ नव्हे, तुझ्या मनात तरी एक चांगला शब्द ठेवशील का. आणि तिने पुढे केलेला पेला परत सारू नका.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्या वेदगंगेकाठच्या घरी एकटीच गेले. नवी चूल होती. काकांनी मला ओळखलं नाही. मी सांगितलं, त्या वेळी चहा राहिला होता. त्यांनी सुनेला हाक मारली.

पन्हळीचं म्हणाल तर ती आम्ही वळवून घेतली. दोनशे रुपयांचं काम होतं. भिंतीवर आता अक्कांचा भोपळ्याचा वेल चढलाय, अर्धा आमच्या बाजूला. गेल्या वर्षी कापणीच्या सणाला देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, न्यायला मी भाजी निवडत होते, तेव्हा त्यांनी भिंतीवरून विचारलं, ‘हे सगळं कुठे चाललंय?’ मी सांगितलं, शेतात जे पिकलं ते देवापुढे ठेवतात, मग लिलाव होतो. त्या आत गेल्या, विळा घेऊन आल्या, आणि वेलावरचा सगळ्यात मोठा भोपळा देठासकट कापून माझ्या हातात दिला. मी तो वेदीपुढे ठेवला आणि कुणाकडून आलाय ते त्यांच्या नावानिशी सांगितलं. लिलावात मी साठ रुपयांपर्यंत गेले. शेवटी तो आमच्या पाळकीणबाईंनी ऐंशीला घेतला.