मिसळलेलं तेल आणि टाकीतलं किटण

मंडळी, कढईपासून सुरुवात करतो. तळण संपतं, तेल गाळून ठेवतो, पण कढईच्या कडेला तपकिरी, चिवट थर राहतो. घासणी झिजते, तो हलत नाही. ते किटण. आपल्या इंदूरच्या सराफ्यातल्या, रात्रीच्या खाऊगल्लीतल्या जुन्या कढयांवर त्याचं चिलखतच चढलेलं दिसेल. बायोडिझेलच्या, म्हणजे अशाच तेलांपासून केलेल्या इंधनाच्या, टाकीत आणि फिल्टरवर जे चिकट साचतं, ते याच घराण्यातलं.

तेलाच्या रेणूत कार्बनच्या लांब साखळ्या असतात. साखळीत दोन दुहेरी बंध जवळजवळ आले, की त्यांच्या मधला कार्बन दुबळा पडतो. हवेतला ऑक्सिजन तिथेच हात घालतो. मग एक साखळी दुसरीला, दुसरी तिसरीला चिकटते. हेच पॉलिमरीकरण. क्रिकेटवीर सी. के. नायडूंच्या होळकर संघाच्या या गावात बॅटला अळशीचं तेल कशासाठी चोळतात, हे सांगायला नको. ते सुकून घट्ट होतं म्हणूनच. बॅटवर हवा असलेला तो गुण इंजिनात नको असतो.

दुहेरी बंध मोजायला आयोडीन अंक वापरतात. पामचा साधारण 50, आपल्या माळव्याच्या सोयाबीनचा 130, अळशीचा 180च्या आसपास. युरोपच्या मानकात बायोडिझेलसाठी कमाल मर्यादा 120 आहे. म्हणजे निव्वळ सोया बाद. पण निम्मं पाम घाला, अंक 90 येतो. सुटलो!

सुटलो का? जरा थांबा. चार भाग पाम आणि एक भाग अळशी घेतली, तर अंक येतो 76. ऑलिव्हच्या तेलाचा 80च्या वर. ऑलिव्ह इंजिनात कोणी ओतणार नाही, तुलनेपुरतं घेऊ. कागदावर आपलं मिश्रण सरस. पण ऑलिव्हमध्ये बहुतेक साखळ्यांना एकच दुहेरी बंध. अळशीच्या निम्म्या साखळ्यांना तीन-तीन. एका बंधाच्या साखळीचा ऑक्सिडीकरणाचा वेग 1 धरला, तर दोनवालीचा 41 आणि तीनवालीचा 98, अशी मोजणी आहे. आयोडीन अंक मात्र या तिघींना 1, 2, 3 असंच मोजतो. म्हणून मी तरी नुसत्या त्या अंकावर विसंबत नाही. ऑक्सिजनला सरासरी कळत नाही, त्याला दुबळी साखळी सापडते.

आणि आपल्याकडे मिश्रण मुद्दाम करावंच लागत नाही. 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणारे पदार्थ, 25 टक्क्यांवर गेली, की ते खाण्यात वापरायचं नाही, असा नियम आहे. असं तेल बायोडिझेलसाठी गोळा होतं तेव्हा कुणाचं शेंगदाण्याचं, कुणाचं पामोलिन, कुणाचं सरकीचं, सगळं एकाच पिंपात. त्यातलं नैसर्गिक ई जीवनसत्त्व, म्हणजे तेलाचा राखणदार, बरंचसं कढईतच संपलेलं. काही साखळ्या आधीच जोडलेल्या. तेलात या साखळ्या ग्लिसरीनला बांधलेल्या असतात; बायोडिझेल करताना मिथेनॉलची प्रक्रिया त्यांना ग्लिसरीनपासून सोडवते, एकमेकींपासून नाही. त्यात पितळेचा नळ असेल तर आणखी घाई, कारण तांबं या क्रियेला हात देतं.

मागून कुणीतरी विचारलं, मग भरपूर पामच का घालू नये? घाला, पण मे महिन्यात. पामचं बायोडिझेल साधारण 15 अंशांच्या आसपास मेणासारखं गोठून गढूळ होऊ लागतं, आणि आपल्या जानेवारीच्या रात्री त्याच्या खाली जातात. फिल्टर तेव्हाही तुंबेल. फरक एवढाच, की सकाळी ऊन लागलं की ते मेण वितळतं. किटण वितळत नाही, फिल्टरच बदलावा लागतो.