हातून निसटणारे आठवडे

(नागपुरात आशाताई, शिक्षिका आणि वसतिगृहांच्या अधीक्षिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, अल्पवयीन मुलीला दिवस गेल्याचं कळलं की घरातला पहिला प्रश्न असतो, "कोण होता तो?" तुम्ही मात्र आधी विचारा, "बेटा, शेवटची पाळी कधी आली होती?" पुढे तिच्यासाठी काय काय करता येईल, ते या तारखेवर ठरतं.

आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आला त्या दिवसापासून नाही. पाळी एकच आठवडा पुढे गेली, तरी डॉक्टरांच्या हिशेबानं पाच आठवडे भरलेले असतात. त्यात या वयात पाळी अनियमितच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा आई म्हणते उन्हानं पुढे गेली; मार्चमध्ये परीक्षेचं टेन्शन, एरवी अशक्तपणा. पोट दिसू लागतं तोवर अठरा-वीस आठवडे उलटतात. खरं तर पाळी चुकल्यावर आठवड्याभरात, सकाळच्या पहिल्या लघवीच्या दोन-तीन थेंबांत, गर्भचाचणीची पट्टी उत्तर देते. ती 'निश्चय' किटमध्ये आशाताईंकडे असते.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात, आणि अल्पवयीन मुलगी या सवलतीत बसते. त्यापुढे, गर्भात गंभीर व्यंग नसेल, तर बहुतेक वेळा उच्च न्यायालयात जावं लागतं. आपल्याकडे खंडपीठ आहे, तरी अर्ज, वैद्यकीय मंडळाची तपासणी आणि सुनावणी होईपर्यंत गर्भ वाढतच असतो. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. कायद्याच्या भाषेत पालक म्हणजे फक्त आईबाप नव्हे, तिचा सांभाळ करणारी व्यक्तीही. पण सही पालकाची असली तरी मुलीला काय हवं, ते तिला एकटीला बसवून विचारा.

औषधाच्या दुकानातून गुपचूप आणलेल्या गोळ्यांनी फार नुकसान होतं. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गोळी वेगळी. ती राहिलेला गर्भ पाडत नाही. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या, आणि त्या ९ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. गर्भ नळीत असेल, तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटून जिवावर बेततं. सलग दोन तास, दर तासाला दोन पॅड भिजत असतील, तर थेट मेडिकल, मेयो किंवा डागा, यांपैकी जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

दवाखान्यात जायला घर का घाबरतं? 'केस होईल' म्हणून. ही भीती खोटी नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या २०१२च्या कायद्याखाली, अठरा वर्षांखालच्या मुलीशी संबंध हा गुन्हाच. तिची संमती धरत नाहीत. माहिती असून पोलिसांना कळवलं नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ला सांगितलंय की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरनं कळवताना तिचं नाव-पत्ता देण्याची गरज नाही. हे घराघरांत पोचलेलं नाही, पोचवा. आणि 'लग्न लावून टाकू' हा उपाय नाही. लग्नानं गुन्हा पुसला जात नाही, उलट बालविवाहाचा दुसरा गुन्हा लागतो. मुलीची शाळा सुटते ती वेगळीच.

गर्भ ठेवायचा ठरला, किंवा वेळ निघून गेली, तर काळजी दुप्पट. सोळाव्या वर्षी हाडं अजून वाढत असतात, कटिभाग पुरता रुंद झालेला नसतो, म्हणून बाळंतपण अडतं. वाढत्या शरीराला आणि गर्भाला एकाच ताटातलं पुरवायचं असतं. हिमोग्लोबिन ११च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७च्या खाली म्हणजे दाखल करायची वेळ. लोहाची लाल गोळी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. ती चहासोबत दिली तर लोह नीट शोषलं जात नाही, लिंबूपाण्यासोबत द्या. रक्तदाब १४०/९० किंवा वर, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यापैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी न्या. या वयात झटके येण्याचा धोका जास्त असतो, आणि बाळ अडीच किलोच्या आत भरण्याचाही.

शाळेचं सांगते. दाखला काढून घेऊ देऊ नका. सुटलीच शाळा, तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला खाजगी बसता येतं. मुदतीची तारीख तुम्ही लक्षात ठेवा, ती मुलगी त्या दिवसांत ठेवू शकणार नाही.

बाळ मावशीला, ओळखीच्या कुणाला परस्पर देऊन टाकणं हाही गुन्हा. रस्ता एकच, बाल कल्याण समिती. बाळ सोपवल्यावरही निर्णय बदलायला कायदा दोन महिने देतो. सगळीकडे हातून निसटलेला वेळ इथे मुलीच्या बाजूनं आहे. समितीसमोर कागद होण्याआधी हे तिला तिच्या भाषेत, दोनदा सांगा. बाळंतपणाच्या आठवड्यात एकदा ऐकलेलं तिच्या लक्षात राहत नाही.