सेल्फ नुसता ‘टक्’ करतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यातली सकाळ आहे, दारात जुनी पद्मिनी उभी आहे. तुम्ही किल्ली फिरवता आणि आतून नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. पुन्हा फिरवता, पुन्हा ‘टक्’. अशा वेळी बहुतेक जण किल्ली फिरवतच राहतात, आणि बॅटरीत जो काही जीव उरलेला असतो तोही घालवून बसतात. माझी पहिली विनंती हीच, की दोनदा फिरवून गाडी उठली नाही तर हात आवरा आणि आवाज आठवा. ‘टक्’ झालं आणि इंजिन हललंच नाही, हा एक आजार. इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, हा अगदी वेगळा आजार.

पद्मिनी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं बनवलेली, मूळची फियाट ११०० डी. इंजिन १०८९ सीसीचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण घरोघरी सांभाळलेल्या पद्मिनी अजून आहेत. तुमच्याकडे कार्ब्युरेटरची मारुती ८०० किंवा अँबेसेडर असली, तरी मी सांगतो त्यातलं बरंचसं तिलाही लागू पडेल.

आधी ‘टक्’ची गोष्ट. आमच्या पद्मिनीला हाच त्रास दोन महिने होता. एका गॅरेजमध्ये बॅटरी नवी घातली, दुसऱ्या ठिकाणी सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, उघडून कार्बन ब्रश बदलले. चार दिवस बरे गेले की परत तेच. हेडलाइट मात्र लख्ख लागायचा, त्यामुळे बॅटरीवर संशय घ्यावा तरी कसा? एका संध्याकाळी चोक, म्हणजे थंड इंजिनला पेट्रोल जास्त द्यायची मूठ, ओढून किल्ली फिरवली आणि चोकच्या मुठीला हात लावला, तर ती गरम! दुसऱ्यांदा फिरवली तेव्हा चोकच्या वायरवरून धुराची बारीक रेघ निघाली.

तिथं उलगडा झाला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध नाही. तो संबंध जोडते एक विणलेली अर्थिंगची पट्टी, एक टोक इंजिनला आणि दुसरं बॉडीला. आमची पट्टी खारट हवेनं आतून हिरवी पडून कुजली होती, वरून धड दिसायची. सेल्फला लागणारा शंभरावर अँपिअरचा करंट परतीची वाट शोधत होता आणि त्याला सापडली ती चोकची बारीक वायर. हेडलाइटचं अर्थिंग थेट बॉडीला, म्हणून तो लख्ख. नवी पट्टी घातली, दोन्ही जागा पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत केला, आणि पहिल्याच फिरवणीत गाडी उठली. बॅटरी आणि ब्रश दोन्हींचा खर्च वाया गेला होता. म्हणून ‘टक्’ ऐकलंत तर आधी बॅटरीचे टर्मिनल हातानं हलवून बघा, त्यांच्यावरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्यानं धुवा, आणि मग ही पट्टी बघा. मीटर असेल तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर मात्र बॅटरीच थकलेली आहे.

आता इंजिन फिरतंय पण पकडत नाही, त्याविषयी. पावसाळ्यात पहिला संशय डेल्कोवर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर घ्या. टोपीच्या क्लिपा काढा, आत बोट फिरवा, ओल हाताला लागते. कोरड्या सुती फडक्यानं टोपी आतून पुसा, आतला फिरता रोटर पुसा, प्लगच्या जाड वायरी पुसा. टोपी उजेडात धरा. आत केसाएवढी काळी रेघ दिसली तर ती तड आहे, करंट तिथूनच पळतो. ती टोपी बदलायचीच. मग पॉइंट, म्हणजे डेल्कोच्या आत उघडझाप करून ठिणगीची वेळ साधणारे दोन संपर्क. काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरची एक घडी मधून ओढा. फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असावी. फट मोजायचं फीलर गेज हाताशी नसेल तर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीवर घरापर्यंत येता येतं. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर त्यांच्यावरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर गेला आहे, नुसतं घासून भागणार नाही.

ठिणगी आहे की नाही हे बघायला प्लग काढून टोपणात बसवा, इन्शुलेशनच्या पक्कडीनं इंजिनच्या धातूला टेकवून धरा आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ओढणी-साडी पंख्यापासून लांब, आणि जवळपास सांडलेलं पेट्रोल नको. निळी, चटचट वाजणारी ठिणगी चांगली. पिवळी, मरतुकडी असेल तर कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारं वेटोळं, ते बघा आणि पॉइंटकडे परत जा.

प्लग ओला निघाला आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालं आहे. चोक आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि मग सेल्फ मारा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच चढत नाही. मे महिन्यात बोरघाट चढून थांबलेली गाडी पुन्हा उठत नाही, ती बहुतेक वेळा यामुळेच. पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि एसी पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढणारा इंजिनवरचा पंप, नुसती वाफच ओढत राहतो. पंपावर ओलं फडकं ठेवा, वीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवा.

आणि हल्लीची एक गोष्ट मला काळजीनं सांगायची आहे. पेट्रोल पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि एसी पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, तडकतात. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. पाइप दाबून बघा. बोटाला चिकट लागला किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर सेल्फ मारायच्या आधी तो बदला, कारण गळकं पेट्रोल आणि ठिणगी एकत्र आली तर गाडी पेटते.

यंदाही पाऊस सुरू व्हायच्या आधी आमच्या पद्मिनीच्या अर्थिंग पट्टीचे दोन्ही नट मी उघडले, घासले, ग्रीस लावून घट्ट केले. दहा मिनिटांचं काम आहे. नमस्कार.