कुठं छान?

मंडळी, विषय दिलाय 'कौतुकातून पुनर्लेखन'. त्याआधी एक तक्रार मांडतो. आपण कथा पाठवतो आणि उत्तर येतं, 'अप्रतिम!' किंवा 'निःशब्द!' मंडळी, निःशब्द होऊ नका हो, चार शब्द बोला! कुठं छान, ते सांगा. टीका करणारा निदान पान दाखवतो, कौतुक करणारा अंगठा दाखवून निघून जातो.

मी पहिली कथा लिहिली ती फुलस्केपची १८ पानं. एका मासिकाकडे पाठवली, साभार परत आली. सोबत संपादकांचं आंतर्देशीय पत्र होतं. 'नवव्या पानावर आई रॉकेलचा डबा कानाशी धरून हलवते आणि किती उरलंय ते ओळखते, तिथं मी थांबलो. बाकी कथेत मला असं थांबता आलं नाही.' आठवडाभर मला त्यातलं 'परत' एवढंच दिसत होतं. मग पुनर्लेखनाला बसलो आणि काय केलं? तो डबा आणखी तीन ठिकाणी घातला! आवडलाय ना त्यांना, मग घ्या. वाचून पाहिलं तर नवव्या पानावरचा मूळ डबासुद्धा वाजेना.

तेव्हा प्रश्न बदलला. त्या जागी मी काय केलं होतं? तिथं 'गरिबी' हा शब्द नव्हता, विशेषण नव्हतं. एक हात, एक कान आणि डब्यात तळाशी हलणारं थोडंसं रॉकेल. पहिल्या पानावर मात्र 'दारिद्र्य' चार वेळा. मग ते चारही काढले. आई रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून घरी येते आणि पुन्हा जाते, एवढंच लिहिलं. १८ पानांची ११ झाली. डबा एकदाच राहिला.

आपल्याकडे ही रीत होती, म्हणून जीव तुटतो. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद झालं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रांतून कसे बोलत, कथा पुन्हा कशी लिहायला लावत, हे तुमच्यातल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. ती पत्रं म्हणजे नुसती शाबासकी नव्हे. नीट वाचलं गेल्याचा तो पुरावा होता.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दे भरभर सांगतो. 'आवडलं' म्हणणाऱ्याला सोडू नका, 'आता न बघता काय आठवतंय?' असं विचारा. तो जे सांगेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. दोघांनी वेगवेगळं वाचून एकच जागा सांगितली, तर पुनर्लेखनात तिला हात लावू नका. आणि ती जागा कशामुळे जमली ते एका ओळीत लिहा. आवाज? संवादातली गाळलेली ओळ? क्रियापद? ती रीत उचला, वस्तू उचलू नका. तिसरं म्हणजे, ज्या पानांवर कुणाचीच खूण नाही ती आधी उघडा. बहुतेक वेळा तिथं आपण समजावून सांगत बसलेलो असतो. आईवडिलांचं कौतुक यात धरू नका, ते लेकराचं असतं, मजकुराचं नव्हे.

आता चहापूर्वी एवढं करा. आणलेलं एक पान शेजाऱ्याला द्या. त्यानं फक्त एका ओळीखाली रेघ मारायची, बोलायचं नाही. पेन्सिली पुढच्या टेबलावर ठेवल्यात.