बेडकाच्या रक्तातलं बारसं

(दृश्य : गोंदिया जिल्हा, नवेगावबांधजवळची धानाची बांधी. रात्र. पाऊस नुकताच उघडलाय.)

रोवणी आटोपली की या भागात रात्री फक्त बेडकांचंच राज्य. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांखालच्या बांध्यांमध्ये नुसतं डराव डराव. हा बघा, टॉर्चच्या उजेडात दबून बसलेला. मांडीच्या खोबणीत एक जळू चिकटलीय. तिच्याकडे लक्ष असू द्या, ती पुढे लागणार आहे.

आम्ही शोधतोय बेडकाच्या रक्तातले परजीवी. वनविभागाची परवानगी घेऊनच बेडकाला हात लावतो. रक्ताचा एक थेंब पुरतो. थेंब काचपट्टीवर, दुसऱ्या पट्टीने तिरकं ओढलं की पातळ थर तयार. पुस्तकात पुढे लिहिलेलं असतं, 'हवेत वाळवा'. श्रावणात हवेत काय वाळणार! थर ओला राहिला की पेशी आक्रसतात, म्हणून बॅटरीचा छोटा पंखा सोबत. आणि वाळलेली पट्टी डब्यातच ठेवायची. पहिल्या खेपेला उघडी ठेवली, सकाळी मुंग्यांनी साफ केलेली.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी, १००० पट मोठी.)

मिथेनॉलमध्ये बुडवून गिम्साचा रंग दिला की हे दिसतं. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, बेडकाच्या पेशीत असतं, मधोमध, जांभळं. आता ही पेशी पाहा. केंद्रक कडेला ढकललंय आणि जागा बळकावून बसलाय केळ्यासारखा वाकलेला पाहुणा. हा हिमोग्रेगरीन गटातला, म्हणजे रक्तपेशीत राहणारा एकपेशीय परजीवी. हिवतापाचे परजीवी हिमोग्लोबिन खाऊन काळपट-तपकिरी कण मागे टाकतात, इथे एकही कण नाही. मात्र रंगाचा गाळ पेशीवर बसला तर तोही परजीवी वाटतो. फसलोय आम्ही.

पेशींच्या बाहेर हे रुंद पान, कडेला झालर. हा दुसरा एकपेशीय परजीवी, ट्रिपॅनोसोमा. १८४३ साली ग्रुबीने हे नाव दिलं ते बेडकाच्या रक्तातल्या जिवालाच. ट्रिपॅनॉन म्हणजे ग्रीकमध्ये सुताराचं गिरमिट. बेडकांमध्ये तो पसरवायला जळवा हातभार लावतात. मघाची ती आठवतेय?

इथवर सोपं. खरी पंचाईत नाव ठेवण्याची. जुन्या काळी ज्या सापात, ज्या सरड्यात परजीवी दिसला, त्याच्यावरून नवं नाव ठोकून द्यायचे. हिमोग्रेगरीन गटातल्या एकट्या हेपॅटोझून या प्रजातीत ३०० हून जास्त जातींची नावं झाली. माझ्या मते त्यातली कित्येक घाईतली. रक्तातलं केळं बहुतेकांचं सारखंच दिसतं. फरक कळतो तो परजीवी वाहून नेणाऱ्या डासाच्या, गोचिडीच्या किंवा जळवेच्या पोटात.

कॅनडातल्या एका पाणसापाचं उदाहरण घ्या, आपल्या धोंड्या सापाचा भाऊबंदच तो. डास सापाला चावतो, परजीवी डासात वाढतो. पण डास पुन्हा चावला म्हणून सापाला लागण होत नाही. बेडूक तो डास खातो, परजीवी बेडकाच्या यकृतात दबा धरतो, साप बेडूक गिळतो, तेव्हा फेरा पुरा होतो. हेपॅटोझून सिपेडॉन त्याचं नाव. नुसती सापाची काचपट्टी बघून यातलं काय कळलं असतं?

म्हणून आता रक्ताचा दुसरा थेंब अल्कोहोलमध्ये जातो. त्यातल्या परजीवीच्या १८एस नावाच्या जनुकाची अक्षरं वाचून इतर परजीवींशी नातं जुळवतात. तेही एकटं पुरत नाही. आकार, वाहक आणि जनुक, तिन्ही जुळले तरच नाव.

(दृश्य : बांधीचा धुरा. पहाट.)

शेतमालक काका रात्रभर कंदील धरून होते. त्यांनी आधी विचारलं, "आमाले होते का जी हे?" बेडकातले हे परजीवी माणसाला आजार देताना कुठे दिसलेले नाहीत, असं सांगितलं. मग दुसरा प्रश्न.

"नाव काय ठेवलं मंग याचं?"

"अजून बारसं नाही, काका."

बेडूक सोडला. डबक्यात उडी, थोडं गढूळ पाणी. काचपट्टीच्या चिठ्ठीवर लिहिलं : बेडूक, उजवी मांडी, जळू १, हिमोग्रेगरीन. पुढची जागा कोरी.