दऱ्या आणि दर्या

[दृश्य: जुन्या नाशकातील एका वाड्याची माडी. खिडकीपाशी टेबल, त्यावर संगणक. शेजारी दोऱ्याने शिवलेली, पिवळी पडलेली स्मरणिका.]

रविवार कारंज्यापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या या माडीवर गेले दोन महिने एकच काम चालले आहे. गल्लीतील एका लहानशा वाचनालयाने आपल्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेली ही स्मरणिका एकेका अक्षराचे खिळे जुळवून छापलेली असून तिची एवढी एकच प्रत उरली आहे. तिच्यातील मजकूर पुन्हा टंकित करत न बसता पानांच्या छायाचित्रांतून संगणकाकडूनच काढून घ्यावा, असा या घरातील आजोबांचा आणि त्यांच्या नातीचा बेत आहे. आजोबांनी आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम केले. नात अभियांत्रिकी शिकते. संगणकाने वाचलेल्या पहिल्याच लेखात त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीचे वर्णन होते आणि पडद्यावर वाक्य उमटले ते असे : ‘पावसाळ्यात या डोंगराच्या दर्या हिरव्यागार होतात.’

मूळ पानावर ‘दऱ्या’ असे छापलेले आहे. ब्रह्मगिरीवर समुद्र आणणारी ही चूक पाहून नात हसली, पण आजोबा हसले नाहीत. यंत्र चुकते याचे त्यांना नवल नव्हते. चूक इतकी नीटनेटकी असावी, याचे होते.

[दृश्य: पडद्यावर पानाचे छायाचित्र आणि त्याशेजारी निघालेला मजकूर.]

चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करण्याच्या या तंत्राला ओसीआर असे म्हणतात. या घरात त्यासाठी टेसरॅक्ट ही विनामूल्य प्रणाली वापरली जाते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या ब्रिस्टल येथील प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात तिचे काम सुरू झाले, २००५ साली तिची आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली आणि २००६ पासून अनेक वर्षे गूगलने तिच्या विकासाला पाठबळ दिले. ती संगणकावर बसवून मराठीची भाषा-फाइल तिच्या सोबत ठेवली, की चित्राचे नाव, निघणाऱ्या फाइलीचे नाव आणि मराठीसाठी ‘एमएआर’ ही तीन रोमन अक्षरे एवढी एक ओळ लिहून काम होते. इंटरनेट लागत नाही. आजोबांच्या लेखी हीच गोष्ट सर्वांत मोठी आहे, कारण याच टेबलाच्या खणात सातबाऱ्याचे उतारे आणि जुनी खरेदीखते आहेत, पुढेमागे त्यांचीही पाळी येणार आहे आणि घरचे कागद परक्या सर्व्हरवर चढवायला त्यांची तयारी नाही. हा हट्ट आम्हालाही रास्त वाटतो.

छायाचित्र कसे घेतले यावर निम्मे यश अवलंबून असते. इंचाला ३०० ठिपके ही घनता छापील मजकुराला पुरेशी मानतात. त्या हिशेबाने ए-४ आकाराच्या पानाला आडवे २,४८० आणि उभे ३,५०८, म्हणजे साधारण ८७ लाख ठिपके लागतात, आणि आजचा साधा फोनही त्याहून अधिक ठिपके टिपतो. अडचण येते ती सावलीची, शिवणीपाशी पान वळल्यामुळे वाकणाऱ्या ओळींची आणि पातळ कागदातून डोकावणाऱ्या पाठच्या मजकुराची. शेवटच्या अडचणीवर नातीने काढलेला उपाय अगदी घरगुती आहे : ती प्रत्येक पानाच्या खाली काळा कागद सरकवते, त्यामुळे पाठची अक्षरे दबतात.

अक्षरे ओळखण्याआधी प्रणाली पानाचे निव्वळ काळे आणि पांढरे असे दोन भाग करते. कुठल्या छटेपर्यंत काळे मानायचे ती सीमा ठरवण्यासाठी जपानमधील नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ साली मांडलेली पद्धत आजही सर्रास वापरतात. पानभर एकच सीमा लावली तर सावलीतला कोपरा सगळाच काळा होतो, म्हणून टेसरॅक्टच्या पाचव्या आवृत्तीत पानाच्या भागाभागाप्रमाणे सीमा बदलणाऱ्या पद्धतींचाही पर्याय आला. पान स्वच्छ करण्याच्या या टप्प्यावर मराठीचे एक खास नुकसान होते. जुन्या कागदावरचे बारीक डाग पुसण्याची सोय अनेक प्रणालींत असते, आणि तिच्या दृष्टीने डाग आणि अनुस्वार यांत फारसा फरक नसतो. ‘शेतकऱ्यांची मागणी’ या शब्दांतील तो ठिपका पुसला गेला, की मागणी एकट्या शेतकऱ्याची होते. वाक्य व्याकरणाला धरूनच राहते आणि शुद्धलेखन तपासणारा कोणताही कोश त्यावर बोट ठेवत नाही. नातीने ती सोय बंद करून ठेवली आहे. डाग राहिले तर चालतील, असे तिचे म्हणणे आहे.

[दृश्य: शिरोरेषेने जोडलेल्या एका ओळीवरून कॅमेरा सावकाश सरकतो.]

रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात. देवनागरीत मात्र शिरोरेषा अख्खा शब्द ओवून धरते, मात्रा वर चढतात, उकार खाली लोंबतात आणि जोडाक्षरांत एक अक्षर दुसऱ्याच्या कुशीत शिरते. जुन्या पद्धतीची प्रणाली आधी शब्दाचे तुकडे पाडून मग एकेक तुकडा ओळखू पाहत असे, त्यामुळे ती चुकली की अक्षरांचा असा काही ढीग निघे की चूक लांबूनही दिसावी. २०१८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य नमुने पाहून शिकलेली गणिती रचना, अख्खी ओळ एका दमात वाचते आणि मागचीपुढची अक्षरे विचारात घेऊन मधले अक्षर ठरवते. चुका पुष्कळ कमी झाल्या. पण ज्या उरल्या त्या ‘दर्या’सारख्या, म्हणजे शब्द म्हणून निर्दोष असलेल्या. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व या जोड्या तर छापखान्यातही दमवतात. मात्र खिळे जुळवणाऱ्याच्या चुकीला वेंधळेपणाचा काही एक वास असे, यंत्राच्या चुकीला तो नसतो, असे आजोबा म्हणतात.

त्यात या प्रणालीचे शिक्षण मुख्यतः संगणकावरच्या टंकांत तयार केलेल्या ओळींवर झालेले आहे. झिजलेल्या खिळ्याचा अर्धवट ठसा तिच्या ओळखीचा नाही. जुने शुद्धलेखनही तिला गोंधळात टाकते. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तरी त्याआधी छापलेल्या लेखांत ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ आहेत. स्मरणिकेत अशा एका जुन्या लेखाचे पुनर्मुद्रण आहे आणि त्यातले काही अनुस्वार प्रणालीने ठेवले, काही गाळले. जे गळाले ते आजोबा परत घालतात. मजकूर आजच्या नियमांत बसवणे हे आपले काम नव्हे, यावर ते ठाम आहेत.

[दृश्य: आजोबा मूळ पान हातात धरून वाचत आहेत, नात पडद्याकडे पाहते आहे.]

प्रणाली प्रत्येक शब्दापुढे शंभरापैकी किती खात्री आहे तो आकडाही देऊ शकते. नातीने सुरुवातीला कमी खात्रीचे शब्द रंगवून तेवढेच तपासण्याचा प्रयोग केला. वेळ वाचला, पण ब्रह्मगिरीवरच्या दर्याला यंत्राने भरघोस गुण दिलेले होते. तेव्हापासून दोघांनी छापखान्यातली जुनी रीत धरली आहे : एकाने मूळ पान मोठ्याने वाचायचे, अनुस्वार आणि दीर्घ वेलांटी उच्चारून सांगायची, आणि दुसऱ्याने मजकुरावर डोळा ठेवायचा. त्यात ‘ऱ्या’साठी नातीने एक नियम जोडला आहे. हे अक्षर संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवता येते, दिसायला दोन्ही सारखीच असतात, पण एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द सापडेलच असे नाही. म्हणून ती शेवटी सगळे ‘ऱ्या’ एकाच रीतीचे करून घेते.

पंचवटीतील तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्यांसाठीही हे जमेल का, असे शेजारी अधूनमधून विचारतात. त्या वह्या हस्तलिखित आहेत, जुनी पाने मोडीत आहेत. मोडीला यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतयादीत, २०१४ साली जागा मिळाली असली तरी टेसरॅक्टच्या अधिकृत भाषा-फाइलींत मोडी नाही. ते काम वेगळे आहे.

[दृश्य: देणगीदारांची यादी.]

स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची तीन पानी यादी आहे. शब्द चुकला तर वाक्य थोडी तरी साक्ष देते. आकड्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. पहिल्या पानाची बेरीज छापील बेरजेशी जुळली. दुसऱ्या पानाची ८०० रुपयांनी जास्त आली. आजोबांनी मूळ पान उचलून खिडकीच्या उजेडात धरले आणि बोट एका नावापाशी थांबवले. “एकशे एक्कावन्न आहेत. नऊ कुठून आणलेस?”

“मी नाही आबा, यानेच आणले,” असे म्हणून नातीने ९५१ चे १५१ केले.

तिसऱ्या पानाचा खालचा भाग फाटलेला असून बेरजेची ओळ त्याच्याबरोबर गेली आहे. ते पान अजून टेबलावरच आहे, आणि दोघे त्यातला एकेक आकडा तिसऱ्यांदा वाचत आहेत.