जगाचा सिनेमा, पत्र्याच्या वर्गात

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, जागतिक सिनेमा म्हटलं की पहिली शंका निघते ती भाषेची. फारसी, फ्रेंच आपल्या लेकरांना कळणार कशी? खरं तर भाषा लेकरांना फारशी अडवत नाही. त्यांना अडवतो तो खिडकीतून शिरणारा उजेड आणि पत्र्याखाली घुमणारा आवाज. म्हणून आज सिनेमांची यादी थोडी आणि खोलीची गोष्ट जास्त.

सुरुवात कवडशापासून करा. मराठवाड्यात पत्र्याच्या वर्गांना तोटा नाही आणि पत्र्याला खिळ्याच्या भोकांनाही. भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोल पडतो, कारण ते भोकाचं नव्हे, सूर्याचं चित्र असतं. भोकापासून नऊ फुटांवर किरणांसमोर सरळ कागद धरा, इंचभर सूर्य मिळेल. भोकाला डोळा मात्र कुणी लावायचा नाही. मग एका खिडकीला काळा पुठ्ठा ठोका, त्याला एक सेंटिमीटरचं भोक पाडा आणि पाच-सहा फुटांवर पांढरा कागद धरा. बाहेरचं मैदान उन्हात हवं, म्हणून सकाळी पश्चिमेची खिडकी घ्या. पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. मैदानावरची मुलं कागदावर उलटी, डोकं खाली करून, चालताना दिसतात. विजेशिवायचा हा पहिला खेळ. चित्र दिसलं नाही तर दोष बहुधा दाराच्या फटीचा असतो. ती फट पोत्यानं बुजवा, कारण पुढे प्रोजेक्टरलाही तीच नडणार आहे.

पडद्यासाठी चादर टांगू नका. ती वाऱ्यानं हलते, चुण्या पडतात आणि अर्धा प्रकाश आरपार निघून जातो. चुन्यानं रंगवलेली भिंत उत्तम. ऑइल पेंटची भिंत चमकते आणि मधोमध पांढरा डाग दिसतो. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) दीड असेल तर सहा फूट रुंद चित्राला तो नऊ फूट मागे ठेवावा लागतो. चित्र तिरकं आलं की लोक लगेच कीस्टोनचं, म्हणजे तिरकं चित्र चौकोनी करण्याचं, बटण दाबतात. त्यानं कडा सरळ होतात, पण चित्राची धार जाऊन ते धूसर होतं. त्यापेक्षा टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारा. चित्राची खालची कड जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर हवी, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांआड सबटायटल जातात.

प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर विसरा. वेगळा स्पीकर पडद्याशेजारी ठेवा. आवाज पाठीमागून आला तर मुलं माना वळवतात. घुमणं कमी करायला मागच्या भिंतीवर गोणपाट टांगा आणि खाली जाड सतरंजी घाला. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर मात्र कुठलाच स्पीकर पुरत नाही. त्या दिवसासाठी मूकपट राखून ठेवा. बस्टर कीटनचा १९२४ चा ‘शेरलॉक ज्युनिअर’ पाऊण तासाचा आहे. त्यात प्रोजेक्टर चालवणारा माणूस झोपतो आणि स्वप्नात थेट पडद्यात शिरतो.

लाइट जाणारच, हे धरून चला. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो. इन्व्हर्टर हवाच. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ३०० वॉटचा प्रोजेक्टर आणि स्पीकर दोनेक तास चालतील असं धरा. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली खेळ नकोच. लेकरं उकडतात आणि प्रोजेक्टरही तापून बंद पडतो. डिसेंबरात मैदानावर साडेसहापर्यंत पुरेसा अंधार होतो.

आता काय दाखवायचं? पहिली-दुसरीला दहा मिनिटांचं पुरे. नॉर्मन मॅकलारेनच्या १९५७ च्या ‘अ चेअरी टेल’मध्ये एक खुर्ची माणसाला बसूच देत नाही. एकही शब्द नाही आणि संगीत पंडित रविशंकरांचं. चौथीच्या पुढे अल्बेर लामोरिसचा ‘द रेड बलून’, १९५६ चा, ३४ मिनिटांचा, जवळजवळ बिनशब्दांचा. आणि इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तमीचा १९७० चा पहिला लघुपट, ‘ब्रेड अँड अ‍ॅली’ : पाव घेऊन घरी निघालेला मुलगा आणि गल्ली अडवून उभा कुत्रा. यात समजावून सांगण्यासारखं काय आहे? माजिद माजिदीचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) दीड तासाचा आहे, तो सातवीच्या आसपास घ्या. एकच बुटांची जोडी दोघा भावंडांत, बहीण सकाळच्या शाळेत, भाऊ दुपारच्या. आपल्याकडच्या मुलांना हे तेहरान परकं वाटत नाही.

चौथीपर्यंतची मुलं सबटायटल वाचण्यात चित्र गमावतात. त्यांच्यासाठी एकानं पडद्याशेजारी उभं राहून मराठीत बोलावं. मूकपटांच्या काळात जपानमध्ये हे काम करणाऱ्याला ‘बेन्शी’ म्हणत. आपल्याकडचा चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणारा, याच कुळातला. फक्त संवाद सांगा. ‘बघा हं, आता तो घाबरला’ असं सांगितलंत की मुलांचं बघणं संपलं.

हक्कांचंही थोडं. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांपुरता खेळ असेल तर आपला कॉपीराइट कायदा त्याला मोकळीक देतो. तोच खेळ गावाला खुला केला की ही मोकळीक राहत नाही.

खेळ संपल्यावर ‘यातून काय बोध घेतला?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. किआरोस्तमीचा लघुपट दाखवला असेल तर ‘कुत्रा पहिल्यांदा दिसला तेव्हा कॅमेरा कुठे होता?’ असं विचारा. उत्तर शोधायला प्रत्येकाला रिकाम्या काडेपेटीचं आतलं खोकं द्या, तळ काढून. एक डोळा मिटून त्या चौकटीतून शेजारच्याला जवळून बघायचं, मग दहा पावलं मागे जाऊन. आठवड्यानं तोच लघुपट आवाज बंद करून पुन्हा लावा आणि पावलांचे, दाराचे, कुत्र्याचे आवाज मुलांनाच काढू द्या. भुंकायला मात्र उमेदवार फार होतात. त्यांचा क्रम आधीच लावून ठेवा.